भाडं द्या आणि भाकरी थापा

इंग्लंडात शेतावरचं घर आठवड्याच्या भाड्यानं मिळतं. शनिवारी दुपारी चारनंतर आत शिरायचं, पुढच्या शनिवारी सकाळी दहाच्या आत बाहेर पडायचं. किल्ली दाराशेजारच्या पेटीत, पेटीचा आकडा आधीच कळवलेला. आत शेगडी, फ्रिज, भांडीकुंडी, धुतलेल्या चादरी. टेबलावर दूध, पाव, घरचा जॅम आणि एक जाड फाईल. गरम पाण्याचं बटण कुठं आहे, कुठला कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा, शेताचं फाटक उघडलंत तर मागं लावून घ्या नाहीतर मेंढ्या रस्त्यावर जातात, असं सगळं त्या फाईलीत. शेतकरी भेटेलच असं नाही. भेटला तर पावसाबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि ट्रॅक्टरवर चढतो. त्यानंतर आठवडाभर तुम्ही, तुमची माणसं आणि तुमचा स्वयंपाक. यासाठी लोक कित्येक महिने आधी पैसे भरून ठेवतात.

ही माहिती मला भाच्यानं पुरवली. तो लंडनजवळ राहतो. हिवाळ्यात महिनाभराची सुट्टी काढून शिरूरला येतो आणि जेट लॅग उतरायच्या आत माझ्या चुलतभावाच्या कृषी पर्यटन केंद्रात सुधारणा सुचवायला लागतो. चुलतभावाला आम्ही दादा म्हणतो. मोराच्या चिंचोलीकडे जाताना अलीकडेच त्यांचं शेत लागतं. मागच्या खेपेची सुधारणा म्हणजे कमोडशेजारी पुस्तकाची फळी. या खेपेची जरा मोठी होती.

"मामा, एक खोली किचनसकट करा. लोक स्वतः करून खातील. मामीचे कष्ट वाचतील."

"म्हंजी भाडं बी त्यांनीच द्यायचं आणि भाकरी बी त्यांनीच थापायची?"

"हो."

"आन् येत्यात लोक?"

"जागा मिळत नाही, मामा."

दादांनी डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली. विचार करायची त्यांची ही पद्धत आहे. टोपीत काही सापडलं नसावं.

आता दादांचं केंद्र कसं चालतं ते सांगायला हवं. कृषी पर्यटन हे आमच्याकडचं तसं नवं पीक. २००५ च्या सुमारास बारामतीच्या बाजूला पांडुरंग तावरे यांनी त्याला रीतसर सुरुवात केली, २०२० मध्ये राज्य सरकारनं त्याचं धोरण आणलं, आणि दरम्यान पुणे-नगर रस्त्याच्या फाट्याफाट्यावर बैलगाडीचं चित्र काढलेले फलक उभे राहिले. कार्यक्रम सगळीकडे साधारण एकच. सकाळी मिसळ नाहीतर पोहे, मग बैलगाडी, मग ट्रॅक्टर, दुपारी पिठलं, भरलं वांगं, ठेचा आणि भाकरी, मग झाडाखाली बाज, मग रेन डान्स, चारला भजी आणि चहा, सहाला पुणे. शेताची नांगरट ट्रॅक्टर करतो, बैल पुणेकरांना ओढतात. बैलांची याला हरकत दिसत नाही. पुणेकर नांगरापेक्षा हलके असतात, बोलतात तेवढे जास्त.

रेन डान्सबद्दल थोडं सांगतो. आमचा भाग पर्जन्यछायेतला. चासकमानच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, शेवटच्या टोकाला पाणी पोचणार का, यावर इथं पारावर जेवढी चर्चा होते तेवढी लग्नाच्या मुहूर्तावर होत नाही. अशा ठिकाणी भोकं पाडलेल्या पाइपाखाली तीस-चाळीस माणसं ओली होऊन नाचतात आणि बांधावर उभा असलेला शेजारी मनातल्या मनात लिटर मोजत असतो. दादांनी त्यावर तोड काढली. नाचायच्या फरशीला उतार दिला, कडेनं चर खणला आणि पाणी थेट डाळिंबाच्या बागेत सोडलं. आता पुण्याची पोरं नाचली की आमची डाळिंबं भिजतात. गाणं लांबलं तर दुसरी ओळही भिजते. इतकं काटकसरीचं नृत्य महाराष्ट्रात दुसरीकडे नसेल.

खोल्या सिमेंटच्या आहेत. वर पत्रा, पत्र्यावर पाचट, भिंतींना गेरूचा रंग आणि त्यावर वारली चित्रं. वारली मंडळी पालघर-डहाणूकडची, शिरूरशी त्यांचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं होतं. दादा म्हणाले, "गिऱ्हाइकाला भिंतीवर नाचणारी माणसं लागत्यात. आपल्याकडची माणसं नाचत न्हाईत." इंग्लंडात याच्या नेमकं उलट. तिकडं जुना दगडी गोठा बाहेरून तसाच ठेवतात आणि आत गाद्या, हीटर, बाथटब बसवतात. गाय जिथं रवंथ करायची तिथं लंडनचा वकील झोपतो आणि त्याचे जादा पैसे देतो. १९६५ पासून लँडमार्क ट्रस्ट नावाची एक संस्था तर पडायला आलेल्या जुन्या वास्तू दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्यानं देते आणि तिथं मुद्दाम टीव्ही ठेवत नाही. दादांना हे पटलं नाही. टीव्ही नसण्याचे पैसे कसे लावायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

तिथल्या शेतकऱ्यालाही हौस म्हणून हे सुचलेलं नाही. दुधाला भाव पुरेना, लोकरीला कोणी विचारीना, तेव्हा रिकामे गोठे माणसांना द्यायची वेळ आली. २००१ साली तिथं लाळ्या-खुरकूत आली. सुमारे ६० लाख जनावरं मारावी लागली, शेतांतून जाणाऱ्या पायवाटा बंद झाल्या, पाहुणे यायचे थांबले. पाहुणे नसले की गावाचं किती अडतं ते त्या वर्षी सगळ्यांना दिसलं. हे ऐकून दादा गंभीर झाले. त्यांच्याकडे जनावरांना लस वेळेवर टोचली जाते, पण दुधाच्या भावाची गोष्ट सांगायला त्यांना विलायतेला जायची गरज नव्हती.

मोरांचा विषय वेगळा आहे. चिंचोलीत माणसांइतकेच मोर आहेत असं गावकरी सांगतात, आणि पेशवाईत लावलेल्या चिंचांमुळे ते आले असंही सांगतात. मोर पहाटे आणि संध्याकाळी शेतात उतरतात. पाहुणे अकराला उतरतात. त्यातून मोराचा पिसारा पावसाळ्यात बहरतो आणि पाऊस सरता सरता गळतो. हुरडा येतो डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे हुरड्याच्या दिवसांत जो मोर दिसतो त्याचा पिसारा अजून वाढीला लागलेला असतो. हुरडा आणि पिसारा एका पॅकेजात बसत नाही, हे निसर्गानं ठरवून टाकलं आहे. तरी दर रविवारी कोणीतरी दादांना बाजूला घेऊन विचारतंच, "नाचणारा मोर किती वाजता असतो?"

रात्री मुक्कामाला राहणाऱ्यांना मात्र दादा फाईल न देता तोंडी सूचना देतात. अंधार पडल्यावर खोलीबाहेर फिरायचं नाही, पोरांना एकटं सोडायचं नाही, उसाकडे जायचं नाही. बिबट्यावर मी इथं विनोद करणार नाही. या तालुक्यातल्या काही घरांनी त्याची फार मोठी किंमत मोजली आहे.

तर किचन. दादांना हिशेब पटत चालला होता, पण खरी अडचण वहिनींची होती. केंद्राचं सगळं जेवण वहिनी आणि गावातल्या चार बाया मिळून करतात. पाहुण्या बाया त्यांना दहा मिनिटांत 'मावशी' म्हणायला लागतात, वहिनी त्यांना 'ताई' म्हणतात, आणि जेवण झाल्यावर ताई मावशीचा हात धरून ठेच्याचं प्रमाण विचारतात. असं असताना पाव्हण्यानं आपल्या आवारात येऊन स्वतःची चूल पेटवायची, ही कल्पनाच त्यांना अपशकुनी वाटली.

"लोक काय म्हनतील? ह्यांच्या घरात भाकरी न्हाई म्हनून पाव्हणी पीठ मळाया बसली?"

भाच्यानं सांगून पाहिलं की जगात असंच चालतं. वहिनींचं म्हणणं, जगात चालत असेल, शिरूरच्या अलीकडे चालत नाही.

वास्तविक शिरूर-दौंडला हे नवीन नाही. घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून बरीच वर्षं खणलं, तेव्हा इसवीसनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची घरं सापडली. आधी चौकोनी, नंतर गोल. घरात चूल, धान्य साठवायची सोय, आणि एक मोठं पाच खोल्यांचं घर, त्याच्या शेजारी कोठार. शेतात सातू. भाचा ज्याला कॉटेज म्हणतो ते आमच्या तालुक्यात तीन हजार वर्षांपूर्वी होतं. पुढच्या काळात प्रवासी धर्मशाळेत उतरायचा, गावाकडून किंवा यजमानाकडून शिधा घ्यायचा, तीन दगड मांडायचा आणि आपलं आपण शिजवायचा. दुसऱ्याच्या हातचं खाल्लं तर विटाळ होईल ही भीती होती. विलायतेतला माणूस एकांतासाठी स्वतः रांधतो, आपला प्रवासी सोवळ्यासाठी रांधायचा. हे आपल्या पूर्वजांचं कौतुक म्हणून सांगत नाही.

वारकऱ्यांचं बघा. दिंडी आपला संसार बरोबर घेऊन चालते. ट्रकमध्ये पातेली, गॅस, पिठाची पोती, भाजी चिरणाऱ्या बाया. कुणावर भार नको. पण तुकोबांची पालखी दौंड तालुक्यात यवतला मुक्कामाला पोचली की गाव पिठलं-भाकरी घेऊन उभं राहतं. घराघरांतून भाकऱ्या येतात, काहिलीत पिठलं रटरटतं, आणि ज्यांच्या ट्रकमध्ये पंढरपूरपर्यंतचा शिधा आहे तेही ताट धरतात. यवतमध्ये स्वतः रांधून खायचा आग्रह धरणारा वारकरी माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि जे खरोखरच आमच्या शेताकडेला राहून स्वतः रांधतात त्यांना कोणी पर्यटक म्हणत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे तीन दगडांवर भाकरी, मग दिवसभर कोयता. शेताचा देखावा दारातून सरळ दिसतो, टीव्हीही नसतो. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आलेली पोरं दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात, पाळीपाळीनं खिचडी लावतात आणि भाडं वेळेवर देतात. त्यांच्या टेबलावर दूध, पाव आणि जॅम कोणी ठेवत नाही. टेबलच नसतं. भाच्याला मी हे बोललो तेव्हा तो गप्प बसला. तो चांगला मुलगा आहे, पण त्याला वाद घालायला आकडे लागतात.

वादाचा निकाल शेवटी भाचेसुनेनं लावला, तोही शेंगा सोलता सोलता. आदल्या उन्हाळ्यात ही मंडळी डेव्हनला अशाच एका शेतघरात आठवडाभर राहून आली होती. भाच्याच्या फोनमध्ये हिरव्या टेकड्या होत्या, मेंढ्या होत्या, धुकं होतं. भाचेसुनेच्या आठवणी निराळ्या होत्या.

"मामी, त्या घरात वाइनचे ग्लास बारा आणि अंडं उभं ठेवायच्या वाट्या आठ. लाटणं नाही. मी आठवडाभर बाटलीनं पोळ्या लाटल्या."

"अगं बया."

"पहिल्या दिवशी फोडणी दिली तर छतावरचा भोंगा वाजायला लागला. धुराचा. मोहरी तडतडतेय, भोंगा कोकलतोय, हे टॉवेल घेऊन खुर्चीवर चढलेत. तो शेतकरी चिखलाच्या बुटांनी धावत आला, त्याला वाटलं घर पेटलं. बिचाऱ्याला मग पिठलं दिलं. फार सभ्य माणूस. सगळं संपवलं, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी."

"आन् तू फिरलीस कवा?"

"हे आणि मुलं फिरायला जायची ना. मी म्हणायची तुम्ही व्हा पुढे, मी एवढा कुकर लावून येते."

यावर भाच्यानं टेकड्यांचे फोटो बंद केले.

मराठी माणसाची सहल एका तत्त्वावर चालते: चव आपली, हात दुसऱ्याचा. आपल्या टूर कंपन्या युरोपात स्वयंपाकी घेऊन जातात. आल्प्सच्या पायथ्याशी वरण-भात, लोणचं आणि शेवटी ताक मिळालं की आल्प्स चांगला वाटतो. यातलं एकही सूत्र ढळलं की सहल बिघडते. परकी चव आणि परका हात असेल तर आपण दुसऱ्या दिवशी फरसाणाची पिशवी सोडतो. आपली चव आणि आपलाच हात असेल तर ती सहल पुरुषांची होते आणि बायकांची बदली होते. पुण्याहून जी बाई रविवारी पहाटे उठून, पोरांना आंघोळी घालून, दीड-दोन तास गाडीत बसून चिंचोलीला येते ती मोरासाठी येत नाही. तिला एक गरम भाकरी अशी हवी असते जी दुसऱ्या कुणीतरी थापलेली आहे. ती भाकरी पानात पडताना मी या बायकांचे चेहरे पाहिले आहेत. मोराकडे त्या तशा बघत नाहीत.

तरी दादांनी प्रयोग केलाच. कडेच्या खोलीत गवंड्याकडून ओटा बांधून घेतला, शेगडी आणली, भांडी मांडली. भाच्यानं फाईल लिहिली, मराठीत, मुद्द्यांसकट. पोळपाट-लाटणं भाचेसुनेनं स्वतः शिरूरच्या बाजारातून आणून ठेवलं.

पहिलं कुटुंब कोथरूडचं. त्यांनी सामान उतरवलं, किल्ली घेतली, दार लावलं. दादा आणि भाचा लांबून बघत होते. खिडकीतून प्रकाश, आतून भांड्यांचा आवाज, अगदी डेव्हन. पण सात वाजता वहिनींच्यानं राहवेना. "उगं जरा कालवण चाखाया," म्हणत वांग्याचं भरीत घेऊन गेल्या. साडेसातला दूध दिलं, लहान लेकरू आहे म्हणून. पावणेआठला, भाकरी गरम आहेत तर दोन घेऊन जाते, असं झालं. आठ वाजता ते अख्खं कुटुंब आमच्या चुलीपुढं बसलेलं होतं आणि त्यांचा कुकर त्यांच्या ओट्यावर तीन शिट्ट्या होऊन थंड पडला होता. फाईलीच्या पाठकोऱ्या पानांवर पोरांनी मोर काढले. त्यांच्या मोरांना पिसारा होता.

दुसरी टोळी पुरुषांची, एका कारखान्यातली. यांना स्वयंपाक करायचाच होता. पाच किलो मटण, तीन कांदे आणि प्रचंड आत्मविश्वास घेऊन आले. ओटा त्यांना नको होता, बाहेर झाडाखाली चूल हवी होती. ओल्या लाकडाचा धूर असा निघाला की रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं गुऱ्हाळ सुरू झालंय. दर थोड्या वेळानं एक जण वहिनींकडे. "मावशी, मीठ?" "मावशी, आलं-लसूण?" "मावशी, जरा मोठं पातेलं?" "मावशी, बघता का जरा, शिजलंय का?" रस्सा चांगला झाला, हे मान्य करायला हवं. मग सगळे पत्रावळी घेऊन बसले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भाकरी कुणालाच येत नाही. पन्नासएक भाकरी वहिनींनी थापल्या. निघताना त्या मंडळींनी फोनवर पाच तारे दिले आणि लिहिलं की सगळं आम्ही स्वतः बनवलं, मजा आली.

तेव्हापासून दादांच्या फलकावर नवी ओळ आहे: 'स्वतः करून खाण्याची सोय आहे', आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत 'भाकरी आम्ही देऊ'. खोलीला मागणीही आहे. फोन येतो तो असा:

"किचनवाली रूम आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की."

"आणि जेवण?"

"त्ये बी हाय."

"मग किचनवालीच द्या. रात्री चहा लागतो आम्हाला."

म्हणजे ओट्यावर चहा होतो, लेकराचं दूध तापतं, मध्यरात्री एखादी मॅगी होते. लाटणं अजून कोरं आहे. दादा त्या खोलीचे दोनशे रुपये जास्त घेतात आणि भाच्याची कल्पना यशस्वी झाली असं सगळ्यांना सांगतात.

भाचा परत निघायच्या आदल्या संध्याकाळी आगटी पेटवली होती. हुरडा गुळभेंडी जोंधळ्याचा, शेजारी शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, रेवड्या. वहिनी कणसं भाजून तळहातावर चोळत होत्या आणि दाणे पाखडून आमच्या पुढ्यात टाकत होत्या. अर्थात त्याही दिवशी त्याच. मध्येच त्यांनी भाचेसुनेला विचारलं,

"पोरी, त्या शेतकऱ्याची बायकू असंल ना? तिनंच तो पाव आन् जाम ठिवला आसंल."

"हो मामी. शनिवारी दहाला आम्ही निघालो की ती आत शिरायची. चारच्या आत सगळं झाडून, चादरी बदलून, पुढच्या लोकांसाठी पाव ठेवून तयार. दर शनिवारी."

"मंग तिला सुट्टी कवा?"

"हिवाळ्यात जातात ती दोघं, म्हणाली. स्पेनला."

"तिथं बी आसंच घर घेत्यात? करून खायाचं?"

"नाही हो. हॉटेलात. नाश्ता, जेवण, चहा, सगळं पॅकेजमध्येच. ती म्हणाली, आठवडाभर मी किटलीलासुद्धा हात लावत नाही."

वहिनींनी हातातलं कणीस निखाऱ्यावर ठेवलं, फिरवलं आणि दादांकडे बघत म्हणाल्या, "आपल्या हितनं किती पडतंय ओ स्पेन?"